गुरूंचा मान: नमस्कारापासून हयातीच्या दाखल्यापर्यंत

गुरुपौर्णिमा जवळ आली की आदल्या दिवसापासूनच मोबाईल टुंगटुंग वाजायला लागतो, गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः, खाली समईचा फोटो, आणि आपण कुणी पाठवलंय तेही न बघता पुढे ढकलतो. मीही वर्षानुवर्षं ढकललंय. एकदा तर शाळेच्या ग्रुपवर आमच्या भूमितीच्या सरांनीच टाकलेला मेसेज मी उचलून परत सरांनाच पाठवला, वर हात जोडलेले तीन इमोजी. सरांचं उत्तर आलं, "पोचला. माझाच होता."

लाज वाटली खरं सांगायचं तर. मग जरा विचार केला की बाबा गुरूंचा मान राखायचा म्हणजे नक्की करायचं काय, आणि उत्तर आपल्याकडे आधीपासूनच लिहून ठेवलेलं आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायातला ३४ वा श्लोक, तद्विद्धि प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया. ज्ञान हवं तर गुरूकडे तीन गोष्टी घेऊन जा म्हणतो कृष्ण: नमस्कार, प्रश्न आणि सेवा. आपली गाडी पहिल्याच स्टेशनवर उभी आहे. नमस्कार केला, शाल घातली, फोटो काढला, झालं. उरलेल्या दोघांचं काय करायचं ते पुढे लिहिलंय, पण आधी नमस्कारच नीट करू, कारण तोही धड होत नाही हल्ली.

चपला काढून, दोन्ही हातांनी. उजवा हात त्यांच्या उजव्या पायाला, डावा डाव्याला, म्हणजे आपण समोर उभे असल्यामुळे हात एकमेकांवरून जातात, ही जुनी पद्धत. एका हाताने गुडघ्याला लागल्यासारखं करून तोच हात छातीला लावायचा हा जो प्रकार निघालाय ना, तो कंबर दुखणाऱ्यांसाठी ठीक आहे, बाकीच्यांनी वाका. माणूस झोपलेला किंवा आडवा असेल तर पाया पडत नाहीत, जेवत असेल तेव्हा नाही, पूजेला बसला असेल तेव्हा नाही. आजारी गुरूंना भेटायला गेलात आणि ते पलंगावर पडून असतील तर नुसते हात जोडा, पायांकडे जाऊ नका, घरच्यांना ते बरं वाटत नाही. काही शिक्षकांना पाया पडलेलं अजिबात आवडत नाही, ते दोन पावलं मागे सरतात, तिथे पाठलाग करू नये. आणि वयाने लहान गुरू असेल तर? असू शकतो की. मुक्ताबाई म्हणजे एवढीशी पोर आणि परंपरा सांगते की वयोवृद्ध योगी चांगदेव तिचे शिष्य. गुरू घरातलाही असू शकतो, निवृत्तिनाथ ज्ञानेश्वरांचे सख्खे थोरले भाऊ आणि तेच गुरू. मला कॉम्प्युटरवर हिशेब शिकवणारा पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा होता, पाया पडलो असतो तर तोच पळून गेला असता, पण क्लासात मी त्याला सरच म्हणायचो आणि अहोजाहो करायचो. तेवढं पुरे असतं.

आता दिवस. गुरुपौर्णिमा म्हणजे आषाढ पौर्णिमा, हिलाच व्यासपौर्णिमा म्हणतात, कारण वेदांचे चार भाग करणारे आणि महाभारत रचणारे व्यास हे आद्य गुरू मानलेत (भाषणाच्या स्टेजला आपण मराठीत व्यासपीठ म्हणतो ते त्यांच्याच नावाचं, मग त्याच्यावर उभं राहून कोण काय बोलतो ते सोडा). तारीख दरवर्षी सरकते. २०२५ ला १० जुलैला होती, २०२६ ला एकदम २९ जुलैला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आलाय. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवर जाऊ नका, कालनिर्णय बघा. शिक्षक दिन ५ सप्टेंबरला, तो डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा वाढदिवस, जन्म १८८८ चा, ते राष्ट्रपती झाले १९६२ ला आणि तेव्हापासून हा दिवस पाळतात. महाराष्ट्रात मी आणखी एक तारीख जोडतो, ३ जानेवारी, सावित्रीबाई फुल्यांची जयंती. १८३१ ला नायगावला जन्म, १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा. आज ज्या घरातली मुलगी शाळेत जाते त्या घराने त्या दिवशी एक फूल वाहायला काय हरकत आहे. आणि दसऱ्याला पाटीपूजन, पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, ते मुलांकडून करून घ्या, आता पाटी नसते तर वहीवर काढा, टॅबवर नको.

घरची पूजा फार अवघड नाही, उगाच लोक घाबरतात. सकाळी आंघोळ करून पाट किंवा चौरंग मांडायचा, खाली रांगोळी, वर धुतलेलं पांढरं वस्त्र, त्यावर गुरूंचा फोटो नाहीतर पादुका. गंध, अक्षता, फूल, हार, उदबत्ती, निरांजन, नैवेद्य, आरती, या क्रमाने. ज्यांचं दत्तसंप्रदायाचं आहे त्यांच्याकडे गुरुचरित्रातला अध्याय वाचतात, कुणी नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला जातात, कुणी अक्कलकोटला, कुणी शिर्डीला. गर्दी सोसत नसेल तर घरीच करा. आणि कुणाचा अनुग्रह घेतलेला नसेल, म्हणजे गुरूच नसेल, तर चौरंगावर पोथी ठेवा, नाहीतर ज्या पुस्तकाने तुम्हाला घडवलं ते ठेवा. माझ्या एका मित्राच्या वडिलांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, ते त्या दिवशी पान्हे आणि मल्टिमीटर पुसून त्यांच्यापुढे उदबत्ती लावायचे आणि ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्यांना मुंबईला फोन करायचे. हा फोन मला नेहमी पूजेइतकाच मोठा वाटत आलाय.

मग येतो दक्षिणेचा प्रश्न, किती द्यायचे, काय द्यायचं. पाकिटात वर एक रुपया ठेवायचा, १०१, ५०१, ११०१ असं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण एक गोष्ट आठवा. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स शिकून झाल्यावर मागे लागला की गुरुदक्षिणा सांगा. गुरू म्हणाले अरे तू सेवा केलीस तीच पोचली. हा ऐकेना. सांगा, सांगा, सांगाच. शेवटी गुरू वैतागले आणि म्हणाले १४ विद्या शिकवल्यात ना, मग १४ कोटी आण. बिचारा रघुराजाकडे गेला तर राजाने विश्वजित यज्ञात सगळं दान केलेलं, पाहुण्याला अर्घ्य द्यायला मातीचं भांडं. पुढे रघु कुबेरावर चालून जायला निघाला आणि रातोरात सोन्याचा पाऊस पडला, आपल्याकडे सांगतात तो आपट्याच्या झाडावर पडला म्हणून दसऱ्याला पानं सोनं म्हणून वाटतात. मला यातलं आवडतं ते वेगळंच, एक म्हणजे गुरू नाही म्हणत असताना मागे लागू नये, आणि दुसरं, राजा सगळंच सोनं देत होता तरी कौत्साने मोजून १४ कोटी घेतले, वर एक नाणं नाही. एकलव्याची गोष्ट मात्र मी गुरुभक्तीचं उदाहरण म्हणून मुलांना सांगत नाही, अंगठा मागणाऱ्याची बाजू मला अजून पटलेली नाही.

शालीबद्दल बोलायलाच हवं. निवृत्त शिक्षकाच्या घरातलं कपाट उघडून बघा, शालींची चवड असते, त्यातल्या निम्म्या तर पिशवीतून बाहेरही आलेल्या नसतात, आणि श्रीफळाच्या चटण्या करून करून घरातल्या बाई थकलेल्या असतात. समारंभाला शाल-श्रीफळ ठीक आहे, रीत आहे. पण घरी भेटायला जाताना दुसरं काही न्या. त्यांना लागतं ते न्या, मोठ्या अक्षरातलं पुस्तक, चांगला टेबललॅम्प, त्यांच्या आवडीचा खाऊ (आधी मधुमेहाची चौकशी करून). सगळ्यात भारी भेट म्हणजे त्यांनी शिकवलेल्या गोष्टीतून तुमच्या हातून जे झालं ते, मराठीच्या बाईंना तुमचा छापून आलेला लेख, शेतीशाळेच्या सरांना तुमच्या झाडाचे आंबे.

भेटायला जाताना आणखी एक, आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: दारात उभं राहून "ओळखलंत का सर?" असं विचारू नका. तीस-पस्तीस वर्षं दरवर्षी दोन-अडीचशे पोरं बघितलेल्या माणसाची ती परीक्षा असते, आणि तुम्ही तेव्हा केसांचा भांग पाडायचात आता केसच नाहीत. सरळ सांगा, मी अमुक, दहावी ब, अमुक सालची बॅच, खिडकीपाशी बसायचो, तुम्ही मला एकदा प्रयोगवहीवरून बाहेर उभं केलं होतं. बघा चेहरा कसा उजळतो. आधी फोन करून जा, दुपारी दोन ते चार नको, आणि आठ जणांनी एकदम घुसू नका, घरात तेवढ्या खुर्च्या नसतात आणि मग वहिनींना शेजाऱ्यांकडून कप आणावे लागतात.

आता दुसरी गोष्ट, प्रश्न. आम्ही पहिल्यांदा सरांकडे गेलो ते असेच घोळक्याने, शाल, पेढे, फोटो, चहा, वीस मिनिटांत खाली. सर छान हसले पण बोलले काहीच नाहीत फारसं. पुढच्या खेपेला मी एकटा गेलो आणि बरोबर मुलीला घेऊन गेलो, ती नववीत, तिला वर्तुळाच्या स्पर्शिकेची रचना जमत नव्हती. सरांनी चष्मा बदलला, तिची कंपास उघडली, पेन्सिल काढली, टोक बोटावर टेकवून बघितलं आणि म्हणाले, "ही पेन्सिल आहे की खडू? जाड रेघ काढलीस तर रेघेवरचा बिंदू कुठला धरायचा?" मग स्वतः उठून ब्लेड आणलं, टोक काढलं, कर्कटकाचा स्क्रू आवळला आणि पुढचा दीड तास ते दोघं टेबलावर आणि मी सोफ्यावर, मला कुणी विचारेना. निघताना सर मला म्हणाले, "हिला घेऊन येत जा, तू नाही आलास तरी चालेल."

तर प्रश्न घेऊन जा. खरा प्रश्न, तोंडदेखला "काही मार्गदर्शन करा" असला नाही, त्याला काय उत्तर देणार माणूस. गाण्याच्या गुरूंकडे जाताय तर अडलेली जागा घेऊन जा, संस्कृतच्या बाईंकडे जाताय तर एक न लागलेला श्लोक. परिप्रश्न या शब्दातच उलटसुलट विचारणं आहे, अख्खी गीता अर्जुनाने शंका काढल्या म्हणून झालीय. विचारलेलं गुरूला आवडत नाही हा आपल्या डोक्यातला समज आहे, नीट बसून, मधे न तोडता विचारलं की झालं. चारचौघात चूक काढायची नाही एवढं मात्र पाळा, वाटलंच काही तर मागाहून एकट्यात, "सर, मी असं वाचलंय, यात माझं कुठे चुकतंय का?" असं.

तिसरी गोष्ट, सेवा. सेवा म्हटलं की पाय चेपणं डोळ्यापुढे येतं. पण एकनाथांचं बघा, गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावरचे अधिकारी, आणि नाथांकडे सेवा कसली तर हिशेबाची! एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर दिव्यापुढे बसले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे गुरूचं जे काम अडलंय ते करायचं, आपल्याला हौस आहे ते नाही.

आणि आजच्या निवृत्त शिक्षकाचं काम कुठे अडतं माहितीये? नोव्हेंबरमध्ये, हयातीच्या दाखल्यापाशी. पेन्शन चालू राहायला दरवर्षी आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं, मग बँकेत रांग, नाहीतर मोबाईलवर सरकारच्या जीवन प्रमाण ॲपमधून. म्हातारपणी बोटांचे ठसे पुसट होतात, मशीन घेतच नाही, चेहऱ्यावरून होतं ते बरं पडतं. सरांचं मी केलं मागच्या वर्षी. आधार, पीपीओ (म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, त्याचा) नंबर, पासबुक समोर घेऊन बसलो, उजेडाकडे तोंड करून सरांना बसवलं, आणि ॲप सांगतंय डोळे मिचकवा. सर मिचकवेनात. ज्या नजरेने पाठीमागच्या बाकावरचा आवाज बंद व्हायचा तीच नजर मोबाईलवर रोखलेली, पापणी हलत नाही, आणि मी म्हणतोय सर मिचकवा, सर एकदा मिचकवा. चौथ्या वेळी झालं. काम फार तर अर्ध्या तासाचं, पण मुलगा बाहेरगावी असलेल्या घरात ते आठवडाभर टोचत राहतं. असंच डॉक्टरची अपॉइंटमेंट, गॅसचं बुकिंग, लाईट बिल, फोनमध्ये भरलेले नको ते गुड मॉर्निंगचे व्हिडिओ काढून जागा करून देणं. फक्त एक सांभाळा, ओटीपी आणि पासवर्ड त्यांचे त्यांना टाकू द्या, आणि बँक म्हणून फोन आला तर काय करायचं तेही समजावून सांगा.

यातच एक बिनखर्चाची गोष्ट बसते, नाव घेणं. गाणारे लोक गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, बघितलं असेल. तालमीत पैलवान आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो आणि वस्तादांच्या पाया पडतो. नाथांनी तर आयुष्यभर अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव एकटं लिहिलंच नाही, "एका जनार्दनी", गुरू आणि शिष्य एकाच सहीत. आपण निदान एवढं करू शकतो की कुणी कौतुक केलं की म्हणायचं, हे मला अमुक बाईंनी शिकवलं. बाईंच्या कानावर ते कधी ना कधी जातंच.

मुलांच्या आत्ताच्या शिक्षकांचं वेगळं सांगायला नको पण सांगतो. मुलांसमोर "तुझ्या टीचरला काही येत नाही" हे वाक्य बंद. तक्रार असेल तर वेळ घेऊन शाळेत जा, पालकांच्या ग्रुपवर पंचनामा नको. रात्री साडेदहाला "मॅडम उद्या काय आणायचंय?" हा मेसेज नको. निकाल चांगला लागला की पेढे देतो तसं वर्षाच्या मध्येच कधीतरी, काही काम नसताना, एक चिठ्ठी लिहा, आमच्या पोराला तुमच्यामुळे वाचायची गोडी लागली. बऱ्याच शिक्षकांच्या पर्समध्ये अशा चिठ्ठ्या वर्षानुवर्षं असतात.

आणि जिथे थांबायचं तिथे थांबाही. आचार्यदेवो भव हे वाक्य तैत्तिरीय उपनिषदातलं, सगळ्यांना पाठ, पण त्याच्या लगेच पुढे आचार्य काय म्हणतात ते कुणी सांगत नाही: यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि. आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं नाही. गुरूच स्वतः सांगतोय! त्यामुळे कुणी गुरू म्हणवून पैशासाठी तगादा लावत असेल, एकट्या मुलीला थांबवून घेत असेल, घरच्यांपासून तोडत असेल, प्रश्न विचारला की शापाची भीती घालत असेल, तर तिथून उठायचं, आणि गुन्हा असेल तर पोलिसांत जायचं. याने गुरुद्रोह वगैरे काही होत नाही.

ज्यांचे गुरू गेले त्यांनी काय करायचं असं एका ताईने मला विचारलं होतं. जुन्या लोकांनी तीन ऋणं सांगितलीत, देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण, आणि ऋषींचं ऋण हारतुऱ्याने फिटत नाही, अध्ययनाने फिटतं. तर जे शिकलात ते चालू ठेवा आणि एकाला तरी फुकट शिकवा, कामवाल्या मावशींच्या मुलाला गणित, शेजारच्या मुलीला पेटी, काहीही. पुण्यतिथीला त्यांच्या घरी जमलं तर जाऊन या, मागे राहिलेल्या माणसांना बरं वाटतं. आणि ज्यांना कधी गुरू भेटलाच नाही त्यांनी दत्तगुरूंकडे बघावं, भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताला २४ गुरू होते, पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मधमाशी, कोळी, आणि एक साधी मुलगी, पाहुणे आले म्हणून साळी कांडत होती आणि बांगड्या वाजायला लागल्या म्हणून एकेक करत हातात एकेकच ठेवली. तिला पत्ताही नाही की आपल्याकडून कुणी काही शिकून गेलं.

सरांकडे आता आमचं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जाणं असतं, मुलगी पुढे, मी मागे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मात्र जास्तीची फेरी असते, पीपीओची झेरॉक्स मी माझ्याच पाकिटात ठेवलीय. सरांनी यंदा आधीच बजावलंय, "मिचकवायचं मी घरी प्रॅक्टिस करून ठेवतो."